फ्रांकफुर्टर टोरचं हुमाना: बर्लिनच्या जुन्या कोटांचं दुकान, एका गणवेशवाल्याच्या नजरेतून

बर्लिनला हिवाळ्यात जाणार असाल आणि तिथल्या थंडीचा कोट इथूनच घेऊन जायचा बेत असेल, तर तो बेत रद्द करा. विमानतळावरून घरी पोचेपर्यंत पुरेल एवढं अंगात घाला, आणि दुसऱ्या दिवशी अलेक्झांडरप्लात्झवरून यू-५ ही भुयारी गाडी पकडून फ्रांकफुर्टर टोरला उतरा. मधे तीन स्टेशनं लागतात. जिना चढून वर आलात की चौकातच हुमाना आहे. लोकांनी वापरून दान केलेले कपडे विकणारं दुकान. दुकान म्हणायचं म्हणून म्हणतो, एकावर एक मजले आहेत. रविवारी जाऊ नका, रविवारी जर्मनीत बहुतेक दुकानं बंद.

आता हे सांगणारा मी कोण, तर मी सोलापूरचा. जन्म शाळांचे गणवेश करण्यात गेला. कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री, पॅकिंग, आणि जूनमध्ये मुख्याध्यापकांची बोलणी. कापड समोर आलं की आधी चिमटीत धरायचं, मग किंमत विचारायची, ही खोड काही जात नाही. मुलगा आणि सूनबाई बर्लिनला असतात, फ्रिडरिक्सहाइन भागात. यंदा हिवाळ्यात या, ख्रिसमसचे बाजार बघायला मिळतील, असा त्यांचा आग्रह झाला म्हणून आम्ही दोघं गेलो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भट्टीसारख्या शेडमध्ये काम केलेला माणूस मी. थंडी म्हणजे आमच्याकडं एका चादरीचा मामला.

मेहुण्यांनी मात्र आमची फार काळजी केली. पुण्यात परदेशी जाणाऱ्यांना गरम कपडे भाड्यानं देणारी दुकानं आहेत, त्यातल्या एकातून त्यांनी आम्हा दोघांचा अख्खा सेट आणून दिला. डिपॉझिट त्यांनीच भरलं, त्यामुळं बोलायची सोय नाही, पण इथं बोलतो. झेंडूच्या रंगाची दोन जॅकेटं, एकसारखी. आत कापूस असावा तसा पॉलिएस्टर भरलेला, ठिकठिकाणी गोळा झालेला. डाव्या बाहीवर एक पारदर्शक खिसा, जो बर्फावर घसरायला जाणाऱ्यांना पास ठेवायला लागतो. माझ्या जॅकेटची चेन छातीपर्यंत यायची आणि तिथं थांबायची. जोडीला तसल्याच कापडाची विजार, चालताना मांड्यांतून सरसर आवाज करणारी. हे कपडे डोंगरावर, बर्फात, दोन तास फोटो काढायला ठीक असतील. शहरात ते घालून फिरलो की काय होतं, ते पहिल्याच दिवशी ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी कळलं. शहरदर्शनाच्या बसची तिकिटं विकणारा गर्दीतून थेट आमच्याकडं यायचा. सह्या गोळा करायच्या निमित्तानं घेरणाऱ्या मुली आमच्याकडं यायच्या. शेजारून जाणाऱ्या शंभर माणसांना त्यांनी विचारलं नाही. हिनं तेव्हाच सांगितलं, "अहो, आपण लांबून सिग्नलसारखे दिसतोय."

कोणी म्हणेल, स्थानिक दिसायचा अट्टाहास कशाला? आपला चेहरा काय जर्मन होणार आहे? होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. बर्लिनच्या कुठल्याही डब्यात बसा: तुर्की आजी, व्हिएतनामी पोरं, अरब विद्यार्थी, पोलिश कामगार, हल्ली आपले आयटीवालेही ढिगानं. सावळा चेहरा तिथं नवलाचा राहिलेला नाही. परका कोण ते चेहऱ्यावरून कमी आणि कपड्यांवरून जास्त ओळखतात. मला जर्मन व्हायचं नव्हतं, फक्त रस्त्यानं जाताना कोणी थांबवू नये एवढंच हवं होतं.

मग मी माझं नेहमीचं काम केलं. मुलाच्या घराखाली एक बेकरी आहे, तिच्या काचेशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघितले. दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते बाकी सगळं त्यातून येतं. पाहुणा थर्मामीटर बघून कपडे घालतो. तिथला माणूस दार बघून घालतो.

समजावून सांगतो. जानेवारीत बर्लिनचं सरासरी तापमान शून्याच्या जरा वरच असतं, म्हणजे आपल्याला वाटतं तितकं भयंकर नाही. वारा असतो, ओल असते, दुपारी चारला अंधार पडतो, पण सायबेरिया नव्हे. आणि घरात वीस-एकवीस अंश. दुकानात तेवढंच. भुयारी गाडीत गरम, म्युझियममध्ये गरम. एका दिवसात माणूस दहा वेळा आत जातो आणि दहा वेळा बाहेर येतो. त्यामुळं तिथल्या माणसाच्या अंगात आत साधा शर्ट किंवा पातळ स्वेटर असतो आणि सगळी ऊब एकाच बाहेरच्या कोटात असते. आत आला की कोट काढला, खुंटीला लावला, बसला. आपण उलटं करतो. थर्मल, त्यावर दुसरा थर्मल, लोकरीचा स्वेटर, वर जॅकेट. आत गेलं की घाम, काढायचं तर अर्धा तास, म्हणून तसंच बसायचं. मग ओल्या अंगानं बाहेर आलं की खरी थंडी वाजते. आम्ही कॅफेत जॅकेट घालूनच कॉफी प्यायचो, आणि वेटर बघायचा तो आमच्या रंगाकडं नव्हे, या जॅकेटकडं.

म्हणून मला हवा होता एकच जाड, काढायला सोपा, खुंटीवर नीट लटकणारा कोट. नवा घ्यायला गेलो. मोठ्या मॉलमध्ये लोकरीचे म्हणून जे कोट टांगलेले होते त्यांत अर्ध्याहून जास्त पॉलिएस्टर. बाहेरून बरे दिसायचे, चिमटीत धरले की हलके, निर्जीव. ज्यात खरी लोकर होती त्याची किंमत ऐकून मी मनातल्या मनात किती गणवेश होतील त्याचा हिशेब केला आणि बाहेर आलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, हुमानात जाऊया का? मी माझा कोट तिथूनच घेतला." तिचा तो गडद हिरवा कोट मी आल्यापासून बघत होतो. मला वाटलं होतं, बराच महाग असणार.

चौकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिथं नुसतं उभं राहणंही फुकट जात नाही. दोन्ही बाजूंना घुमटाचे उंच मनोरे आहेत. हेरमान हेन्सेलमान या वास्तुविशारदानं ते १९५० च्या दशकात बांधले, बर्लिनच्याच जेंडार्मेनमार्क्ट चौकातल्या दोन जुन्या घुमटांची आठवण ठेवून. तिथून पश्चिमेला जो अवाढव्य रुंद रस्ता जातो तो आज कार्ल-मार्क्स-आले, १९६१ पर्यंत तो स्टालिन-आले होता. पूर्व जर्मनीनं कामगारांसाठी बांधलेले महाल म्हणून त्याची जाहिरात व्हायची. आणि त्याच रस्त्यावरच्या बांधकाम कामगारांनी जून १९५३ मध्ये त्याच मजुरीत जास्त काम करायच्या सक्तीविरुद्ध संप केला, तो दुसऱ्या दिवशी देशभर पसरला आणि रशियन रणगाड्यांनी मोडला. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचून पाय जरा रेंगाळतात.

आत गेलात की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे जागा. आपल्याकडं जुने कपडे म्हटले की बोहारणीचं गाठोडं किंवा रस्त्यावरचा ढीग डोळ्यासमोर येतो. इथं रॅक, हँगर, आरसे, ट्रायल रूम, सगळं रीतसर. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि सगळ्यात वर साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कपडे, जे तरुण पोरं हौसेनं घेतात. पोरांची गर्दी वर, आजोबांची खाली. मी दोन्हीकडं फिरलो. मला हात कोणी लावू नका म्हटलं नाही, मागं मागं कोणी फिरलं नाही. एका कोटाशी मी पंधरा मिनिटं उभा होतो, अस्तर उलटून बघत. सोलापुरात असं केलं असतं तर दुकानदारानं चहा मागवला असता नाहीतर हाकलून दिलं असतं.

आता कामाचं. पुरुषांच्या कोटाचे जर्मन साइज आपल्याला गोंधळात टाकतात, पण हिशेब सोपा आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, निम्मा करा, तोच साइज. छाती १०० असेल तर ५०. खरी गंमत पुढं आहे. आपल्यासारख्या पाच फूट पाच-सहा इंचांच्या, पोट सुटलेल्या माणसाला ५० घातला तर बाह्या बोटांवर येतात आणि खिसे मांडीवर. त्यासाठी जर्मनांनी बुटक्यांचे वेगळे साइज ठेवलेत: २४, २५, २६. ५० चा निम्मा २५, म्हणजे छाती तीच, लांबी कमी. ९४, ९८, १०२ असले आकडे दिसले तर ते सडसडीत उंच माणसांचे, तिकडं वेळ घालवू नका. २५ चा रॅकवर एखादाच असतो, पण मिळाला की बाह्या कापायला लागत नाहीत. हा आकडा मला कुठल्या प्रवासाच्या सल्ल्यात सापडला नव्हता, आणि आपल्या निम्म्या पुरुषांना तोच लागतो. बायकांचं वेगळं. जर्मन ३८ म्हणजे फ्रेंच ४० आणि इटालियन ४४, आणि दानात तिन्ही देशांचे कपडे एकत्र येतात, त्यामुळं आकड्यावर न जाता घालून बघणं बरं.

मग लेबल. आतल्या शिवणीला एक पांढरी पट्टी असते, कोरलेल्या दगडासारखी खरी माहिती तिच्यावर. 'शूरवोले' लिहिलं असेल तर जिवंत मेंढीची कातरलेली नवी लोकर. नुसतं 'वोले' असेल तर जुन्या लोकरी कपड्यांचं सूत काढून पुन्हा विणलेलं असू शकतं, ते वाईट नाही पण धागा तोकडा, लवकर गोळे येतात. 'फुटर' म्हणजे अस्तर. व्हिस्कोसचं अस्तर असेल तर घेऊन टाका, अंगावर सरकतं आणि घाम शोषून घेतं. लोकरीच्या गुंडाळ्याचं ते काळं-पांढरं वूलमार्कचं चिन्ह बऱ्याच जुन्या कोटांवर सापडतं. ते १९६४ पासून चालत आलंय, त्यामुळं त्यावरून कोट जुना की नवा ते कळत नाही, लोकर खरी हे मात्र कळतं.

काही लेबलांवर 'फाउ ए बे' अशी तीन अक्षरं दिसली. पूर्व जर्मनीतल्या सरकारी कारखान्यांची ती खूण. मी तसला एक राखाडी कोट हातात घेतला. कापड जाड, खरबरीत, थोडं कृत्रिम मिसळलेलं, पण शिवण! इंचाला टाके मोजून घातलेले, खिशाच्या तोंडाला आडवी पट्टी, बटणाच्या मागं छोटं आधाराचं बटण. कापडात तडजोड केली असेल, हातात नाही. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात मालिमो नावाच्या मशीनबद्दल शिकवायचे, दोऱ्यांचे थर आडवे-उभे टाकून वरून टाचून कापड करायचं, विणायचंच नाही. ती त्याच पूर्व जर्मनीची करामत. तो देश आज नाही, त्याचा कोट मात्र हँगरवर आहे. मला तो खांद्यात बसला नाही, नाहीतर घेतला असता.

घेताना चार ठिकाणी बघा. कोट उजेडासमोर धरा, कसर लागली असेल तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील, विशेषतः कॉलरखाली आणि काखेत. कसर लागलेला कोट फुकट मिळाला तरी नको, बाकी कपाटाला लावेल. काखेतलं अस्तर ओढून बघा, घामानं तिथंच आधी फाटतं. कोटाचा पुढचा भाग मुठीत चुरगळून सोडा. आत कॅनव्हास असेल तर तो आपसूक उलगडतो. चिकटवलेलं बकरम असेल आणि सुटलं असेल तर कापडावर फोड आल्यासारखे फुगे दिसतात, त्याला इलाज नाही. आणि शेवटी मानेजवळचा लूप, ज्यानं कोट खुंटीला लटकतो. हा लूप आपल्याकडं कोणी बघत नाही. मी चाळीस हजार गणवेशाच्या ऑर्डरीतही लूप देतच नव्हतो, कारण आपल्या शाळेत खुंटी नसते. तिथं कॅफेत, दवाखान्यात, शाळेत, नाट्यगृहात सगळीकडं खुंट्या आहेत, ऑपेराला आणि काही मोठ्या म्युझियमला तर कोट बाहेर ठेवायला लावतात. दोन किलोचा कोट एका अर्ध्या इंचाच्या पट्टीवर लटकणार. ती पट्टी दोन्ही बाजूंना दुहेरी शिवलेली हवी. काही चांगल्या कोटांना पितळी साखळी असते.

जुना कोट घेण्याचा आणखी एक फायदा आहे, तो शिवणकामातला माणूसच सांगेल. नवा ओव्हरकोट कारखान्यातून निघतो तेव्हा मागच्या स्लिटला गुणाकाराच्या चिन्हासारखा कच्चा टाका घातलेला असतो, प्रवासात स्लिट उघडून चुरगळू नये म्हणून. बाहीवर कंपनीची पट्टी कच्च्या टाक्यानं लावलेली असते. खिशांची तोंडंही टाचलेली असतात. हे सगळं घरी आल्यावर कात्रीनं उसवायचं असतं. बरेच लोक उसवत नाहीत, विशेषतः बाहीवरची पट्टी, कारण ती शोभा वाटते. अलेक्झांडरप्लात्झवर नव्या कोटातला पाहुणा मी मागूनच ओळखायचो. जुना कोट कधीच कोणीतरी उसवून, वापरून, कोपरांत वाकवून दिलेला असतो. त्याला अंगाची सवय झालेली असते.

मी घेतला तो गडद निळा, मेल्टनचा म्हणजे जाड, दाट लोकरी कापडाचा, गुडघ्याच्या चार बोटं वर. साइज २५. नव्वद टक्के शूरवोले, दहा टक्के कश्मिरी लोकर. एक बटण वेगळं होतं. पस्तीस युरो, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. त्या कापडाचं नुसतं मीटरही मला त्या पैशांत मिळालं नसतं. शेजारीच एक सुंदर हिरवा लोडन, म्हणजे जाड लोकरीचा कोट होता, पाठीला खोल चुणी, हरणाच्या शिंगाची बटणं. मी मोहात होतो. मुलगा म्हणाला, तो घालून गेलात तर लोक बव्हेरियाचे पाहुणे समजतील. आल्प्सकडचा पोशाख बर्लिनमध्ये परकाच, म्हणजे जर्मन असून परका. तो तिथंच ठेवला.

हिचं प्रकरण जरा लांबलं. ही साडीच नेसणार होती, त्यावर चर्चा नव्हती. बहुतेक बायकांचे कोट मांडीपर्यंतचे. त्याखालून साडी निघाली की घागऱ्यासारखी फुगते आणि वारा आत शिरतो. पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा कोट शोधला, कमरेला किंचित सैल, म्हणजे निऱ्या आत मावतील. पदर पाठीवरून न सोडता कमरेत खोचला. साडीच्या आत लोकरीची लेगिंग, पायात मोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट. साडी चार बोटं वर नेसली, नाहीतर फुटपाथवरचा चिखल काठावर येतो. खालून वीतभर इरकल दिसते, बाकी सगळं काळं. पुढं ट्राममध्ये एका बाईनं हिला जर्मनमध्ये स्टॉप कुठला म्हणून विचारलं. हिनं मराठीत सांगितलं, "माहीत नाही हो," आणि त्या बाईला ते कळलं.

रंगांबद्दल लोक फार सांगतात, काळं घाला, करडं घाला. खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. बर्लिनमध्ये पिवळ्या रेनकोटातली पोरं असतात, सायकलवाले चमकणारं जाकीट घालतात, जांभळ्या केसांच्या आजीही मी बघितल्या. एकसारख्या जॅकेटातली जर्मन म्हातारी जोडपी तर बरीच भेटली. त्या बाबतीत आम्ही पहिल्या दिवशी नकळत बरोबरच होतो. नजरेत भरतं ते सगळं नवं, सगळं एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेलं. शाळेचा पहिला दिवस जसा लांबून ओळखू येतो तसं.

टोपी विणलेली, कानांवर ओढता येणारी. आपली माकडटोपी घरीच ठेवा. गळा झाकायला मफलर असतो, आणि नाकापर्यंत चेहरा झाकलेला माणूस दुकानात शिरला की लोक दचकतात. बुटांचा तळ मात्र गंभीरपणे घ्या. बर्लिनमध्ये घरमालकांना फुटपाथवर मीठ टाकायला बंदी आहे, झाडांची मुळं मरतात म्हणून. त्याऐवजी बारीक खडी पसरतात. खडीवर गुळगुळीत तळाचा बूट घसरतो, आणि खोल खाचांचा असेल तर खडे घरात येतात. मध्यम खाचांचा, रबरी तळाचा, गडद बूट. हा मात्र नवा घ्या, दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट आपल्याला कधीच बसत नाही. हातमोजे घेतले, फारसे वापरले नाहीत, कोटाचे खिसे खोल होते.

रविवारी हुमाना बंद असताना पायी दहा-पंधरा मिनिटांवर बॉक्सहागेनर प्लात्झला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं कोट कमी, पण बटणं सापडली. माझ्या कोटाला जुळणारं बटण मी एका काचेच्या बरणीतून निवडून काढलं. लिश्टेनबेर्गला डोंग श्वान सेंटर नावाचा व्हिएतनामी घाऊक बाजार आहे, जुन्या कारखान्याच्या जागेवर, नाव हनोईच्या बाजारावरून घेतलेलं. तिथं फुगीर जॅकेटं स्वस्तात मिळतात. मला त्या जॅकेटांपेक्षा विकणाऱ्यांची गोष्ट जास्त भावली. १९८० च्या करारानं पूर्व जर्मनीनं व्हिएतनाममधून कामगार आणले, १९८९ पर्यंत साठ हजारांच्या आसपास, त्यांतले खूप जण कापडाच्या कारखान्यांत. पाळी संपली की खोलीवर जीन्स शिवून विकायचे. भिंत पडली, कारखाने बंद झाले, आणि शिवणाऱ्यांचे दुकानदार झाले. गिरणी बंद पडल्यावर सोलापुरात काय काय झालं ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळं त्या बाजारात मी उगाचच दोन बनियन जास्त घेतले.

कापडाच्या धंद्यातल्या माणसानं हाउसफोग्टाइप्लात्झ या चौकातही जाऊन यावं. तयार कोट शिवून जगाला विकायचा बर्लिनचा धंदा एकोणिसाव्या शतकात तिथं उभा राहिला, बहुतेक पेढ्या ज्यूंच्या. नाझींनी त्या हिसकावल्या, मालकांना देशोधडीला लावलं, कित्येकांना मारलं. स्टेशनच्या जिन्याच्या पायऱ्यांवर त्या पेढ्यांची नावं लिहिली आहेत, वर आरशांचं स्मारक आहे. कोट घालून त्या पायऱ्या चढलो. नावं वाचत चढायला वेळ लागतो.

हुमानाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवून जा. हा जुन्या कपड्यांचा धंदा आहे, तुमच्या साइजचा, तुमच्या रंगाचा माल त्या दिवशी असेलच असं नाही. तासभर हाताशी ठेवा, नसेल तर परत जा. बर्लिनमध्ये दोन दिवसच असाल तर हा उद्योग करू नका, सूनबाईचा कोट उसना घ्या. आणि घरी आणल्यावर कोट आधी पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, कसरीची अंडी असली तर मरतात. आमच्याकडं त्यासाठी फ्रीजर रिकामा करताना पोळ्या आणि मटार बाहेर आले, त्यावरून घरात जरा बोलणं झालं.

बदल करून घ्यायचे असतील तर बर्लिनमध्ये गल्लीगल्लीत शिंप्यांची छोटी दुकानं आहेत, पण तिथल्या मजुरीत दुसरा कोट येईल. म्हणून घेतानाच ठरवा की काय हलवता येतं. बाहीची लांबी कमी होते, आत मार्जिन असतं. पण मनगटावर काज-बटणं खरी कापलेली असतील तर नाही होत. कमर आत घेता येते. खालचा घेर कापता येतो, तो मी स्वतः हातशिलाईनं हिच्या कोटाला केला. अस्तर बदलता येतं, सोलापुरात आणून बदला, खूप कमी लागेल. खांदा आणि मुंढा मात्र हलत नाही. खांदा बसला नाही तर कापड कितीही चांगलं असो, हँगरवर परत लावा.